धडगावच्या पोरांना अवकाशाचं काय? : एका शिक्षण संस्थेच्या संचालक मंडळाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, मा. सचिव आणि संचालक मंडळाचे सर्व सदस्य यांना,

सप्रेम नमस्कार.

आपल्या महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवते. त्याआधी तीन वर्षं इथेच शिकले, आपल्याच वसतिगृहात राहिले. त्यामुळे हे पत्र रीतीप्रमाणे कार्यालयात यायला हवं होतं. तसे दोन अर्ज येऊन गेले आहेत. दोन्हींवर आवक क्रमांक पडला, शिक्का बसला आणि ते फायलीत जाऊन पडले. तिसरा अर्ज चारचौघांसमोर करते आहे, कारण तो आपल्याइतकाच नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा, तळोदा, धडगाव, अक्कलकुव्याच्या पालकांनीही वाचावा असं वाटतं.

घडलं ते असं. विज्ञान मंडळातर्फे आम्ही सभागृहात 'गॅटाका' हा जनुकं आणि अंतराळाच्या स्वप्नावरचा १९९७ चा इंग्रजी सिनेमा दाखवणार होतो आणि त्यावर तासभर चर्चा ठेवली होती. विषय होता माणसाच्या जनुकांत फेरफार करावा का, केला तर कुणी, आणि कुठे थांबावं. प्राचार्यांची परवानगी होती. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या पोरापोरींनी महिनाभर खपून अख्ख्या सिनेमाची मराठी उपशीर्षकं दोन दोनशेपानी वह्यांत लिहून काढली होती. आदल्या रात्री साडेनऊला ग्रुपवर संदेश आला : 'अपरिहार्य कारणास्तव कार्यक्रम रद्द.'

दुसऱ्या दिवशी सचिव साहेबांना भेटले. ते मोकळेपणानं बोलले, त्याबद्दल मनापासून आभार. त्यांची कारणं तीन होती. सिनेमा परदेशी आहे. त्यात लघवी तपासायचे प्रसंग आहेत, मुलींसमोर ते बरं दिसत नाही. आणि तिसरं कारण ते हसत हसत अहिराणीत म्हणाले, "मॅडम, धडगावना पोऱ्यासले अवकाशनं काय करनं शे?"

पहिल्या दोन्हींना फार वेळ देत नाही. शेजारच्या मालेगावात यंत्रमागावर राबणाऱ्या एका काटकुळ्या माणसाला निळे कपडे घालून गावच्याच सिनेमात सुपरमॅन केलं गेलं आणि खान्देशानं तो डोक्यावर घेतला. परदेशी सिनेमाचं आपल्याला वावडं कधीपासून झालं? आणि लघवीतली साखर तपासण्याचं प्रात्यक्षिक आमच्या प्रयोगशाळेत होतंच. परीक्षानळी मुलींच्याच हातात असते.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र लांब आहे. हे पत्र त्यासाठीच लिहिते आहे.

आधी सिनेमा थोडक्यात सांगते, कारण आपल्यापैकी कुणी तो पाहिलेला नाही. त्याचं नाव म्हणजे जी, ए, टी, सी या डीएनएच्या चार अक्षरांची जुळणी. व्हिन्सेंट नावाचा मुलगा जन्मतो. टाचेतल्या रक्ताचा थेंब यंत्रात जातो आणि परिचारिका वाचून दाखवते : हृदयविकाराची शक्यता ९९ टक्के, अपेक्षित आयुष्य ३०.२ वर्षं. बाप या मुलाला स्वतःचं नाव देणार असतो. हे आकडे ऐकून तो ते नाव राखून ठेवतो. पुढचा मुलगा प्रयोगशाळेत निवडून घेतला जातो आणि ते नाव त्याला मिळतं. इकडे व्हिन्सेंटला बालवाडीच्या दारातूनच परत पाठवतात, कारण त्याचा विमा उतरवायला कुणी तयार नाही. मोठेपणी त्याला अंतराळात जायचं असतं, म्हणून तो अंतराळ संस्थेत फरशा पुसण्याचं काम धरतो. तिथे नोकरीसाठी मुलाखत नसते, लघवीचा नमुना हीच मुलाखत. शेवटी तो दुसऱ्याचं रक्त, लघवी, केस उसने घेऊन आत शिरतो. हे सगळं पुरवणारा जेरोम जनुकांनी अव्वल असतो, पण चाकांच्या खुर्चीत बसलेला. रोज सकाळी त्या संस्थेच्या दारावर प्रत्येकाच्या बोटाला सुई टोचतात. व्हिन्सेंटच्या बोटावर खोटं कातडं असतं आणि त्याखाली जेरोमचं रक्त.

साहेब, बोटाला सुई आपल्या जिल्ह्यातही टोचतात. शाळेत, आश्रमशाळेत, आठवडे बाजाराच्या दिवशी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर. थेंब सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठीच्या सोल्युबिलिटी चाचणीला जातो, संशय आला तर इलेक्ट्रोफोरेसिसला, आणि मग हातात कार्ड येतं. एए म्हणजे निरोगी, एएस म्हणजे वाहक किंवा एसएस म्हणजे रुग्ण. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालं. चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा, असं ठरलं आहे. मी या अभियानाच्या बाजूची आहे, हे आत्ताच सांगून ठेवते. कित्येक शिबिरांत मी डॉक्टरांचं मराठी पावरीत आणि बायाबापड्यांची पावरी मराठीत करत दिवसभर उभी राहिले आहे.

कारण मी स्वतः एएस आहे, वाहक. आई-बाबाही एएस. माझा धाकटा भाऊ एसएस, म्हणजे रुग्ण. दोन वाहकांच्या पोटी प्रत्येक खेपेला चारात एक अशी ही शक्यता असते. आमच्या घरात ती त्याच्या वाट्याला आली. डीएनएत एका अक्षराचा फरक आहे फक्त, ए च्या जागी टी. त्यानं हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं, प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. हे मी बी.एस्सी.ला शिकले. त्याआधी नऊ वर्षं आमच्या घरी त्याला 'वारं शिरलं' म्हणत. रात्री तो हाडं दुखतात म्हणून कण्हायचा, डोळे पिवळे व्हायचे, आणि बाबा त्याला पाठीवर घेऊन अंगणात फेऱ्या मारायचे. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली की नंदुरबारचा दवाखाना चंद्राइतका लांब. अवकाशाचं म्हणाल तर आम्हाला तेवढं अंतर ठाऊक आहे.

आता तो धडगावला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेतो. डाव्या खुब्याचं हाड रक्त न पोचल्यानं निकामी झालं, म्हणून लंगडतो. गॅटाका त्यानं दुकानात बसून मोबाइलवर पाहिला. त्याबद्दल पुढे सांगते.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यांत मोठी. यंदा आपल्या प्रवेश अर्जात एक नवा रकाना आला : 'सिकलसेल स्थिती'. हेतू चांगला असणार. वसतिगृहात एखाद्या मुलाला अचानक वेदना सुरू झाल्या तर रेक्टरला ठाऊक असावं, हे मलाही पटतं. पण मग वसतिगृहाची यादी सूचना फलकावर लागली आणि तिच्यात नाव, गाव, जमात यांच्यापुढे ती दोन अक्षरंही छापलेली होती. कारकुनानं एक्सेलमधला रकाना काढायचा राहून गेला, एवढंच झालं असेल. यादीचा फोटो रात्रीत तीन गावांत फिरला. आमच्या एका विद्यार्थिनीची सोयरीक ठरत आली होती. मुलगी एएस, मुलगा एए. पोराकडच्यांनी 'आजारी पोरगी नको' म्हणून निरोप पाठवला.

यातला विनोद कुणाला दिसला की नाही, मला माहीत नाही. एएस आणि एए यांच्या एकाही मुलाला सिकलसेलचा आजार होऊ शकत नाही. फार तर प्रत्येक मूल आईसारखं वाहक असण्याची शक्यता निम्मी असते, आणि वाहक म्हणजे मी : दोन मजले चढून रोज चार तास उभी राहून शिकवणारी. कुंडलीआधी कार्ड जुळवा असं आम्ही शिबिरात सांगतो ते दोन एएस समोरासमोर आले तर त्यांना आधी कळावं म्हणून. आपल्या फलकानं त्या कार्डाची कुंडली करून टाकली. अजून एक गोष्ट. ती यादी अर्ध्याअधिक भिल्ल आणि पावरा मुलांच्या नावांनी भरलेली असल्यामुळे बाकीच्या मुलांत 'सिकलसेल म्हणजे ह्यांचं' असं जे पसरलं, ते आता कुठल्या सूचनेनं मागे घेणार?

दुसरी तक्रार क्रीडा विभागाची. क्रॉसकंट्रीच्या निवडीत दोन मुलांना एएस म्हणून न पळवताच बाजूला बसवलं. उन्हात पाणी न पिता जीव तोडून पळू नये ही काळजी वाहकांनी घ्यायची असते, आणि मे महिन्यात आपल्याकडे ती सगळ्यांनीच घ्यायची असते. त्यासाठी बाटलीभर पाणी लागतं, बंदी लागत नाही. त्यातला एक तोरणमाळचा आहे. तो शाळेत जायला रोज डोंगर उतरून चढलेला पोरगा आहे, साहेब.

तिसरी. ज्या आठवड्यात आमचा सिनेमा रद्द झाला, त्याच आठवड्यात तेच सभागृह एका खासगी मंडळींना दिलं गेलं. बोटांच्या ठशांवरून 'जन्मजात बुद्धिमत्ता' सांगणारी डीएमआयटी चाचणी. दीड हजार रुपये, वीस पानी रंगीत अहवाल, त्यात मुलानं पुढे काय व्हावं याचं वर्तुळ. या चाचणीला वैज्ञानिक आधार नाही. हाताच्या रेषा पाहणाऱ्यात आणि हिच्यात फरक एवढाच की हिच्याकडे स्कॅनर असतो. पण पालकांनी कापूस विकून आलेल्या पट्टीतून पैसे काढून दिले. जिनं उपशीर्षकांतला सगळ्यांत अवघड भाग, पेशी आणि भ्रूणांचा, मराठीत आणला, तिच्या अहवालात आलं : 'विज्ञान शाखेसाठी अनुकूलता कमी.' तिच्या वडिलांनी मला विचारलं, शाखा बदलायला अजून मुदत आहे का? बोटावरून माणसाची लायकी ठरवणारं जग कसं असतं हे दाखवणारा सिनेमा आपण बंद केला आणि त्याच जागी त्या जगाची टपरी मांडू दिली. हे मुद्दाम झालं असं मी म्हणत नाही. मुद्दाम झालं असतं तर निदान कुणी दोन्हींचा विचार केला असं तरी म्हणता आलं असतं.

चौथी तक्रार कार्यक्रम रद्द झाल्याची, ती वर आलीच आहे.

आपण म्हणाल, एका यादीवरून एवढं काय. कायदा आहेच की. सिनेमातही आहे. जनुकांवरून भेदभाव करणं तिथे बेकायदा असतं, आणि व्हिन्सेंट सुरुवातीलाच सांगतो की तो कायदा कुणी मनावर घेत नाही. हा सिनेमा १९९७ च्या ऑक्टोबरात आला. पुढच्याच महिन्यात, ११ नोव्हेंबरला, युनेस्कोनं मानवी जनुकसंचाबद्दलचा जाहीरनामा मंजूर केला. त्यातलं सहावं कलम म्हणतं की आनुवंशिक वैशिष्ट्यांवरून कुणाशी भेदभाव होऊ नये. अमेरिकेनं नोकरी आणि आरोग्य विम्यापुरता तसा कायदा २००८ मध्ये केला. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा आजार समाविष्ट आहे, आणि २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं एका विम्याच्या खटल्यात आनुवंशिकतेवरून होणारा भेदभाव घटनेच्या १४ व्या कलमाविरुद्ध ठरवला. वाहकांसाठी वेगळा कायदा मात्र नाही. म्हणजे एएस लिहिलेल्या पोरीचं रक्षण करायला सध्या आपला सूचना फलक आणि आपलं शहाणपण एवढंच आहे.

आता ते, जे सभागृहात घडायचं राहून गेलं. उपशीर्षकं लिहिताना आम्ही आठ-दहा जण प्रयोगशाळेत लॅपटॉपभोवती बसायचो, थांबवून थांबवून पाहायचो. त्या महिन्यात जे बोलणं झालं ते ऐकायला आपण असायला हवं होतं. या मुलांनी डायनासोरचा सिनेमा हिंदीत पाहिलेला, क्लोन पळून जातात तो 'द आयलंड'ही एकानं पाहिलेला. जनुकीय फेरफार म्हणजे राक्षस आणि पाठलाग, ही त्यांची समजूत. गॅटाकात एकही राक्षस नाही. सगळे नीटनेटके, सुटाबुटातले, सौम्य बोलणारे. पहिल्या दिवशी सगळे कंटाळले, हे कबूल करते.

पहिला वाद एका शब्दावर झाला. सिनेमात निवडून जन्माला घातलेले ते वैध, आणि नैसर्गिक जन्मलेले ते अवैध, अशा अर्थाचे शब्द आहेत. कुणी 'अपात्र' सुचवलं, कुणी 'नापास'. दोन दिवस भांडून 'बाद' ठरलं. खोटी नोट बाद, फलंदाज बाद, मत बाद. वहीत सगळीकडे 'बाद' आहे.

मग तो दवाखान्यातला प्रसंग. आईबाप दुसरं मूल निवडायला बसले आहेत. चार निरोगी भ्रूण उरले आहेत, दोन मुलगे, दोन मुली. आईबाप काय मागतात? व्हिन्सेंटला खेळायला भाऊ. जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याची एक मुलगी फस्सकन हसली आणि म्हणाली, "मॅडम, एवढं पुढारलेलं जग, आणि घेतला पोरगाच." त्यानंतर सिनेमा बंद करून आम्ही अर्धा तास जळगावबद्दल बोलत होतो. गर्भलिंग तपासणीविरुद्ध महाराष्ट्रानं १९८८ मध्ये कायदा केला, देशात सर्वांत आधी. केंद्राचा कायदा १९९४ चा. आणि २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली ८४२. मूल निवडायला प्रयोगशाळा लागत नाही, सोनोग्राफीचं यंत्र पुरतं, हे खान्देशाइतकं कुणाला ठाऊक असणार? नंदुरबारचा आकडा त्याहून बराच बरा होता. आमच्यात मुलगी देताना देज, म्हणजे वधूमूल्य, मिळते, द्यावी लागत नाही. पण फुशारकी नको, कारण पुढचा प्रश्न आमच्याच अंगणातला होता. तोच कायदा रक्ताच्या आनुवंशिक आजारांसाठी गर्भाची तपासणी करू देतो. एसएस निघाला तर? एकीनं विचारलं, "मॅडम, तुमच्या आईला तेव्हा कळलं असतं तर?"

मी उत्तर दिलं नाही. आजही देत नाही. पोटातल्या बाळाबद्दल असा निर्णय घेणाऱ्या बाईला मी बोल लावणार नाही, आणि माझ्या भावाशिवायच्या घराची कल्पनाही मला करता येत नाही. दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसून आहेत आणि एकमेकींशी बोलत नाहीत.

शहाद्याकडच्या एकाच्या घरी केळीची बाग आहे. टिश्यू कल्चरची रोपं, सगळी एका मापाची, सगळे घड एकदम काढणीला येणार. तो म्हणाला, "सगळी माणसं टिश्यू कल्चरची केली तर एक सीएमव्ही हा केळीचा विषाणू आला की अख्खी बाग उपटायची." मी त्याला पुढचा धागा दिला. सिकलसेलचं हे एक अक्षर सातपुड्यात टिकलं, कारण वाहकाला मलेरिया सहजासहजी मारत नाही. क्लोरोक्विन, डीडीटी यातलं काही नव्हतं तेव्हा या जंगलात आमचे पणजोबा-खापरपणजोबा जगले, त्यात या 'बाद' अक्षराचाही हात आहे. सिनेमातली यंत्रं जनुकाला फक्त चांगलं किंवा वाईट म्हणतात, आणि इथे मला तो सिनेमा थोडा भाबडा वाटतो.

सगळ्यांत जोराचा हल्ला त्याच्या नायकावरच झाला. व्हिन्सेंट पळण्याच्या यंत्रावर जेरोमच्या हृदयाचे ठोके ध्वनिमुद्रित करून लावतो, आणि बाहेर येऊन छाती धरून कोसळतो. धडगावचीच एक मुलगी म्हणाली, "ह्याला मोठा म्हणायचं? चांदसैली घाटात एसटी चालवणाऱ्याला फेफरं येत असेल आणि त्यानं लपवलं, तर आपण टाळ्या वाजवू का?" कुणालाच उत्तर सुचेना. शक्यता आणि आजार वेगळे, असं मी म्हणून पाहिलं. ती म्हणाली, "पण तो कोसळला की." बरोबर आहे तिचं. साहेब, ही धडगावची पोर. अवकाशाचं तिला काय करायचं ते तिनं दाखवून दिलं.

आणि माझा भाऊ. त्यानं सिनेमा दोनदा पाहिला. समुद्रात पोहण्याची पैज आहे त्यात, दोघं भाऊ किनाऱ्यापासून लांब पोहत जातात, जो आधी माघारी वळेल तो हरला. दुबळा व्हिन्सेंट जिंकतो, कारण परत येण्यासाठी तो अंगात काही राखून ठेवत नाही. हे पाहून माझा भाऊ हसला. अठराव्या वर्षी काठी गावच्या होळीला तो कमरेला भोपळे आणि घुंगरं बांधून बावा बुध्या, म्हणजे होळीतला नाचणारा, झाला होता, कुणाचं न ऐकता. रात्रभर नाचला आणि पुढचे आठ दिवस सलाइनवर होता. म्हणाला, "सिनेमात ते आठ दिवस दाखवत नाहीत."

त्यानंतर मी त्याला कॅसजेव्ही या सिकलसेलवरच्या जनुक-उपचाराबद्दल सांगितलं. रुग्णाच्याच मूलपेशी काढायच्या, क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या कात्रीनं बीसीएल११ए जनुकातला खटका तोडायचा म्हणजे बंद पडलेलं गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होतं, केमोथेरपीनं जुनी अस्थिमज्जा रिकामी करायची आणि त्या पेशी परत सोडायच्या. ब्रिटननं नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली, अमेरिकेनं त्याच वर्षी ८ डिसेंबरला. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. त्यानं हिशेब केला. अठरा कोटींच्या वर. थोडा वेळ स्क्रू पिळत बसला आणि म्हणाला, "मग मी आहे तोच मॉडेल चालवतो." आता 'बिरसा १०१' या नावानं देशी उपचारही जाहीर झाला आहे, दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकशास्त्राच्या सरकारी संस्थेनं विकसित केलेला. बिरसा मुंडांचं नाव दिलेला उपचार घाट चढून कधी येतो, त्याची आम्ही वाट पाहतो आहोत.

हे सांगण्याचं कारण असं की मी जनुकांना हात लावण्याच्या विरोधात नाही. भावाच्या रक्तात केलेला बदल त्याच्या संमतीनं होईल आणि त्याच्याबरोबर संपेल. तो उद्या होणार असेल तर मी आज घाट उतरते. भ्रूणात केलेला बदल मात्र पिढ्यान्‌पिढ्या जातो, आणि ज्याच्यात तो होतो त्याला कुणी विचारलेलं नसतं. चीनमध्ये २०१८ साली 'हे जियानकुई' नावाच्या शास्त्रज्ञानं जुळ्या मुलींच्या भ्रूणांतलं, एचआयव्हीला पेशीत वाट देणारं सीसीआर५ जनुक बदलल्याचं जाहीर केलं. बाप एचआयव्हीबाधित होता म्हणे. पण त्याचा संसर्ग बाळापर्यंत पोचू न देण्याचे साधे मार्ग आधीच होते. त्याला तीन वर्षांची कैद झाली. मुली मोठ्या होत आहेत. आपल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांतही जननपेशी आणि भ्रूणांच्या पातळीवरच्या फेरफाराला मनाई आहे. ही रेघ किती वर्षं टिकेल, ती पुसायला कोण येईल, पुसली तर पहिला ग्राहक कोण आणि 'बाद' कोण, हे आमच्या मुलांनी सभागृहात बसून बोलावं एवढंच मागणं होतं. उद्या यातलीच काही शिबिरात तंत्रज्ञ असतील, काही समुपदेशक, आणि बहुतेक सगळी आईबाप होतील.

म्हणून माझ्या मागण्या, सरळ भाषेत.

सिकलसेलचा रकाना प्रवेश अर्जातून काढा. वसतिगृहातल्या एसएस मुलांची माहिती त्यांच्या संमतीनं, बंद पाकिटात, फक्त रेक्टर आणि आरोग्य केंद्राकडे असावी. छापलेल्या सगळ्या याद्या परत घ्या आणि संगणकातून तो रकाना खोडा.

ज्या मुलीची सोयरीक मोडली तिच्या घरी संस्थेच्या वतीनं कुणीतरी जाऊन चूक आपली होती हे सांगावं. पत्र नको, माणूस जावा. सोबत ग्रामीण रुग्णालयातले समुपदेशक असावेत, म्हणजे पोराकडच्यांनाही एएस म्हणजे काय ते कळेल. पावरी बोलायला लागली तर मी येते.

क्रॉसकंट्रीच्या त्या दोघांची चाचणी परत घ्या.

डीएमआयटीवाल्यांना पुन्हा सभागृह देऊ नका आणि पालकांचे पैसे परत मिळवून द्या.

सिनेमा दाखवा. लेखी तारीख द्या. आपण सर्व सदस्यांनी यावं, पहिली रांग राखून ठेवू. चर्चेत आपण आमच्या विरोधात बोललात तरी चालेल, धडगावची ती मुलगी उत्तर द्यायला बसली आहे.

माझी नेमणूक दर वर्षी नव्यानं होते, हे मला ठाऊक आहे. खाली नाव लिहिलेलं नाही. ते आपल्या हजेरीपटावर आहे, आणि आवक नोंदवहीत दोनदा.

होळीच्या आधीची कुठलीही तारीख चालेल. होळीला वसतिगृह रिकामं होतं, सगळे भोंगऱ्याच्या, म्हणजे होळीच्या दिवसांतल्या, बाजाराला आपापल्या गावी जातात. मीही जाणार आहे. भावानं यंदा ढोल घ्यायचं ठरवलंय. बसून वाजवणार आहे.

आपली,
तासिका तत्त्वावरील शिक्षिका, प्राणिशास्त्र विभाग
आणि वसतिगृहाची माजी विद्यार्थिनी